हिरवा ठिपका

ग्दिनिया. खिडकीत बंदराच्या क्रेन.
चाळणी लावते: खरेदीप्रमुख, जहाजबांधणी,
वीस वर्षांवर अनुभव.
तीनशे बारा नावं खाली पडतात.
निरोप नऊला आपोआप सुटतात,
सही हॅम्बुर्गच्या साहेबांची, मजकूर माझा:
‘तुमच्या कामाबद्दल फार आदर वाटतो.’

एकशे सत्तेचाळिसावं नाव बाबांचं.
गोदी बंद पडून सहा वर्षं झाली,
हुद्दा त्यांनी पुसलेला नाही.

रात्री एक वाजून अकराला उत्तर:
‘आभारी आहे. असं कुणी म्हणून बरेच दिवस झाले.
झडपा किती इंची?’

सॉफ्टवेअरनं लगेच हिरवा ठिपका दिला: उत्सुक.
पुढचा निरोप गुरुवारी, माझा हात न लागता.

रविवारी बीटाचं सूप वाढताना
बाबा आईला सांगत होते,
जर्मन कंपनी मागे लागलीय.

मी मीठ मागितलं.