वजीर

बारा वर्षं बिसन मडावी माझ्याशी वजीर काढून खेळला.
पट मांडला की आधी वजीर उचलायचा,
खाकी शर्टाच्या खिशात टाकायचा, पेनाशेजारी,
आणि म्हणायचा, "चाल बे, तुही बारी."
पोस्टाच्या ओट्यावर, टपालाची गाडी येईपर्यंत.

तरी मीच हरायचो.
कधी घोड्यानं, कधी दोन उंटांनी.
एकदा नुसत्या प्याद्यानं मात दिली,
आणि आठवडाभर पत्रांसोबत तीही घरोघर वाटली.
मी मिलवर धान तोलायचो,
काट्यावर पोतं आणि डोक्यात ते एक घर
जिथं उंट ठेवायला नको होता.

यंदा सिंदेवाहीला तालुक्याची स्पर्धा.
पाचवीचे बाक, आमचे गुडघे मावेनात.
फळ्यावर खडूनं जोड्या:
मडावी, बिसन. गुरनुले, शालिक.
"पहिल्याच फेरीत?" मी म्हटलं.
"बरं झालं. दुपारच्या गाडीनं घरी पोचशील."

मोहरे प्लास्टिकचे. तो मांडत गेला,
हत्ती, घोडा, उंट,
मग वजीर,
आणि हात सवयीनं खिशाकडे निघाला.
थांबला.
पंचाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
वजीर आपल्या घरात ठेवला,
बोटानं जरा सरळ केला.

त्याचा वजीर मी उभा कधी पाहिलाच नव्हता.
एवढा उंच असतो?

तेविसाव्या चालीला माझा घोडा आत घुसला.
एका पायाखाली हत्ती, दुसऱ्याखाली तोच वजीर.
बिसननं खर्ऱ्याची पुडी काढली,
सोडली नाही, तशीच मुठीत धरली.
घड्याळ त्याचं चालू.
बाहेर खिचडीच्या पातेल्यावर उलथनं वाजलं,
नागभीडकडची गाडी शिट्टी देऊन गेली,
पंच एकदा येऊन वाकून पाहून गेला.
अकरा मिनिटं.
बारा वर्षांत माझ्या चालीवर
तो खर्रा घोटण्याइतकाही थांबला नव्हता.

मग त्याला सापडलं.
उंटाचा शह मध्येच, आणि माझा घोडा अधांतरी.
एक्केचाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला.
त्यानं पुडी सोडली, अर्धा खर्रा
माझ्या तळहातावर ठेवला. बोलला नाही.

सोमवारी ओट्यावर पट मांडला.
त्यानं वजीर उचलला.
मी मनगट धरलं.
"राहू दे."
"हरशील बे."
"हरतो."

सतराव्या चालीला हरलो.
टपालाची गाडी अजून आली नव्हती.