जेल रोडवरचे टी-शर्ट

कंपनीला कोर्टात दंड झाला,
इतका, की शून्यं मोजताना पेपरवाल्याचीही चूक झाली.
त्याच दुपारी इंदूरला, जेल रोडवर,
सरमंडलांच्या दुकानात बावीस टी-शर्टांची ऑर्डर.

इंजिनियरिंगची पोरं. जिभेला जिरावण लावून आलेली.
"लिहा काका:
'तुमच्या अटी आम्ही न वाचता मान्य केल्या,
आता आरोपपत्र तुम्हीही तसंच करा.'"
"माझ्यावर, भिया, 'जामीन मोफत! फक्त तीस दिवस.'"
एक जाडसर पोरगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
"'जज हँग होत नाही.' पाठीवर. मोठ्या अक्षरात."

सरमंडल हसले, चष्मा पुसला,
अक्षरं मांडायला बसले.
मांडायची होती त्याच कंपनीच्या प्रोग्रामात.
प्रत कुणाच्या तरी भाच्यानं आणून टाकलेली,
कोपऱ्यात चार वर्षं तीच पिवळी पट्टी:
आपली फसवणूक झाली असण्याची शक्यता आहे.
त्यांना ती आता
दुकानाच्या पाटीइतकी सवयीची.

'जामीन'चा 'ज' उमटला
आणि पडदा निळा.
अपडेट सुरू आहे. एकतीस टक्के.
कृपया बंद करू नका.

पोह्यांचे कागद चुरगळून झाले.
समोरच्या मोबाइलवाल्यानं शटर ओढलं.
एकतीस टक्के.

"खटला त्यांचा," सरमंडल पडद्याकडे बघत पुटपुटले,
"आणि तारीख मला."

पोरं उडालीच.
"काका, हेच! तेविसावा, तुमच्या मापाचा!"

"छापतो की," ते म्हणाले,
"सुटलो म्हणजे."