सोला

व्हॅन दार्दोकडून घेतली. ती आधी पाव वाहायची.
अजूनही ऊन तापलं की पत्र्यातून
यीस्टचा वास सुटतो, आणि कुत्री
दोन-दोन गल्ल्या मागे धावतात.
बाजूला निळ्या अक्षरांत त्याच्या बापाचं नाव.
"एवढं खोडू नकोस," म्हणाला,
आणि मोजून घेतलेल्या नोटांतल्या दोन
माझ्या मुठीत परत कोंबल्या.

मोंतेविदेओ सोडल्यापासून एकच प्रश्न.
पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, खाटकाच्या दुकानात:
"सोला?"
एकटीच का, असं विचारतायत.
कळतं मला. पण कान जन्माचा मराठी,
त्याला भलतंच ऐकू येतं.
कुणीतरी समोर काही ठेवलंय
आणि अहो-जाहो करत म्हणतंय, सोला.

सी, म्हणते मी. सोला.

रोचात ताडांची रानं. गवतात उभी,
एकमेकांपासून अंतर राखून,
लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यांसारखी.
त्यांच्यात गाडी लावली. रात्री
मागच्या दाराची कडी तीनदा तपासली.
मग चौथ्यांदा.
उशाशी पाना घेऊन झोपले.
पहाटे कुणीतरी दार खरवडलं:
गाय होती. पत्रा चाटत होती,
निळ्या अक्षरांच्या बाजूने.

पुढे एका गावाचं नावच तेहतीस.
त्रेइन्ता इ त्रेस, मोठ्या पाटीवर.
दोन मार्कांनी नापास झालेलं गाव.
मला ते लगेच आवडलं. चौकातल्या बाकावर बसून
थंड भात खाल्ला, डब्यासकट ऊन खाल्लं.

आणि मग मेलो.
तेही गावच आहे.
मेलोच्या अलीकडे चौदा किलोमीटरवर
गाडी मेली.
मी मोठ्याने म्हणून पाहिलं:
"मेलोला पोचायच्या आधीच मेली."
दोन्हीकडे गवत. एक शहामृगासारखा पक्षी
मान वर करून थांबला, मग चरू लागला.
हे ऐकून ज्याला ठसका लागला असता
असा एकच माणूस आहे,
आणि त्याच्याशी मी चार वर्षं बोललेले नाही.

झुल्मा आली ती चालत, बगलेत थर्मास दाबून.
तिने काही विचारलं नाही.
बॉनेटमध्ये डोकावली, "उम्म" म्हणाली,
कुंपणाच्या खांबाला टेकून बसली
आणि मातेचा पेला भरून दिला.
कडू. कारल्याच्या वेलाला उकळी आल्यासारखं.
मी शेवटपर्यंत ओढलं आणि अदबीने म्हटलं, ग्रासियास.
तिने पेला घेतला. स्वतः प्यायली. पुन्हा स्वतः.
माझ्याकडे आलाच नाही.
तासाभराने तिने खुणांनी समजावलं:
इथे आभार मानले
की माणसाला आता नको आहे, असं धरतात.

कुठे कुठे मी वेळेआधी आभार मानले होते
ते मोजत बसले, तिचा भाचा ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत.
बरीच ठिकाणं निघाली.
पेला फिरत राहिला. मी गप्प राहिले.

उत्तरेला थंडी. आर्तिगासमध्ये
दगड फोडून आत जांभळं दाखवणारा माणूस,
त्याचा तुटका दात, त्याचं "सोला?"
नदीकाठी गरम पाण्याच्या कुंडात
सहा म्हाताऱ्या, प्लास्टिकच्या टोप्या घालून,
"सोला? सोला?" आणि सरकून जागा.
मला वाटलं, इतके दिवस सोलतायत,
निघालं काय? कडी आता एकदाच तपासते.
आरशात बघून भांग पाडत नाही.
एवढंच. आत काही चमकत वगैरे नाही.

साल्तोला संत्र्यांचा हंगाम.
फाटकापाशी एलिदाने अख्खी गोणी दिली,
पैसे म्हणून फक्त निळ्या अक्षरांवर बोट फिरवलं:
या बेकरीचे पाव तिने लहानपणी खाल्ले होते,
किंवा दुसऱ्याच कुठल्या. मी दुरुस्त केलं नाही.

फ्राय बेन्तोसच्या पुलाजवळ पोलिसाने थांबवलं.
कागद पाहिले. मागे डोकावला.
स्टिअरिंगवर माझे दोन्ही हात, नखं पिवळी,
मांडीवर सालींचा ढीग.
"सोला?"
"सोलतेय," मी म्हटलं, आणि निम्मी फोड पुढे केली.

त्याने ती खाल्ली. बी हातात घेऊन
कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहू लागला.