पावणेचारची भरती

देवगडच्या बंदर कचेरीत एकतीस वर्षं
मी भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिल्या,
खडूने, ठळक, मिनिटांसकट.
खिडकीतून समुद्र दिसायचा. पण माझी खुर्ची
खिडकीला पाठ करून होती,
आणि टेबल हलवायचं तर वरून मंजुरी लागते.

किती होड्या गेल्या माझ्या सहीखालून :
नाव, लांबी, तांडेल कोण, खलाशी किती,
कुठून, कुठे, कशासाठी.
मी पाण्यावर गेले ती एकदाच, तरीतून,
मांडीवर स्टीलचा डबा, डब्यावर दोन्ही हात.

पेन्शन सुरू झाली त्या माघात
गुणाजी कोयंड्याला विचारलं, वेंगुर्ल्याच्या बेटांपर्यंत नेशील?
शिडावर. इंजिनाला हात लावायचा नाही.
त्याने सुपारी कातरून संपवली, मग म्हणाला,
"शीड आसा म्याडम. वारो माझ्या हातात नाय."

निघताना माझ्या जुन्या खुर्चीतल्या तन्मयने
रजिस्टर पुढे केलं.
'कशासाठी' हा रकाना मी कोरा ठेवला.
त्याने त्यावर पेनाचं टोपण दोनदा आपटलं.

आचरा गेलं. कवड्याचा खडक गेला.
मालवणचा किल्ला डाव्या हाताला आला,
फोटोत पाहिलेला नव्हे, त्याची पाठ,
शेवाळलेली, कुणी न पुसलेली.
दुपारी वायव्येचा वारा शिडात असा भरला
की होडी एका कुशीवर कलली, परबाण करकरलं,
आणि मी, निवृत्त मुख्य लिपिक,
आलात दोन्ही मुठींत धरून ओरडले.
भीतीने नाही.

निवतीच्या पुढे वारा पडला तो पडलाच.
नांगर टाकला. सुक्या सुंगटांची किसमूर, भाकरी.
गुणाजीचा भाचा बाबलो नाळेपाशी झोपून गेला.
लांब दीपगृह. उजेड, मग नुसता काळोख,
मग परत उजेड.

भरती कधी, मी विचारलं, परीक्षा घ्यावी तसं.
वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट.
बोटांची पेरं मोजून तो म्हणाला, "पावणेचार."
माझ्या पुस्तकात तीन सत्तावन्न.
बारा मिनिटांवर आम्ही दोघं अडून बसलो,
डोक्यावर एका बाजूने कुरतडलेला चंद्र.

मग कधीतरी ताणलेला दोर सैल पडला.
पाणी उभं राहिलं. इतकं उभं
की बाबल्याचा श्वास ऐकू यायला लागला.
होडी नांगराभोवती हळूच वळली,
झोपेत कूस बदलतात तशी.
घड्याळ माझ्या पिशवीत होतं.
मी काढलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

त्यानंतर मतलई आली. आधी वासच :
कुठल्याशा भाजावळीचा धूर, शेण, ओली माती.
दिसत नसलेली जमीन उठून जवळ बसली.
गुणाजीने बाबल्याला पायाने ढोसलं. शीड चढलं.

उजाडायच्या आत बेटाच्या कड्याखाली होतो.
कपारीतून पाकोळ्या सुटल्या,
सुटतच राहिल्या.
मी एकदा एका पंचनाम्याची नक्कल केली होती :
'पाकोळ्यांची घरटी, नग चारशे बारा.'
नग. शब्द त्यांचा, अक्षर माझं.
"थुकयेन घर बांधतत ती," गुणाजी म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता सुकाणू फिरवलं.
मी मोजायला गेले. सतरापर्यंत मोजलं.

घरी आल्यावर तीन दिवस ओटा डुलत होता.
दूध उतू गेलं, मी बघत उभी.
चौथ्या दिवशी तन्मयचा फोन :
म्याडम, तो रकाना. ऑडिट आहे उद्या.
लिही, म्हटलं, उगीच.
तो थांबला.
म्हणाला, यादीत तसं कारण नाही.