उसाच्या मापानं

केरबा चौगले बंदूक घेऊन आला नाही.
कोल्हापुरात, भर चप्पल लाइनीत, बंदूक कशी आणायची,
म्हणून तेवढ्याच लांबीचा ऊस तोडून आणला,
कड्या जिथं बसतात तिथं
कोयत्यानं दोन खाचा मारलेल्या.
"ही बट," म्हणाला, "आन् ही नळी.
वाढं छाटलंय."

राधानगरीच्या अलीकडं कुठंतरी त्याचा मळा.
डुकरं येतात. कळपानं.
वनखात्याचा कागद त्यानं दुधाच्या पिशवीतून काढून दाखवला,
मी न मागता.
नायलॉनचा जुना पट्टा मानेला घासून घासून
तिथं आता लव उगवत नाही,
तेही दाखवलं.

मी चपला करते. तीस वर्षं.
तळ दिराचा, वेणी माझी.
बंदुकीचा पट्टा कधी केला नव्हता.
पण खांदा म्हणजे तरी काय,
वर जाऊन बसलेली टाच.

कुठला खांदा?
डावा. उजवा मोळ्या वाहून उतरलाय,
त्यावरनं काय बी घसरतं.
किती चालायचं?
रातभर. बांधाबांधानं.
पावसात?
पावसात तर जास्तच.

मग बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं काढलं,
पाठीचं.
पोटाचं लोंबतं, म्हशीचं काय नि माणसाचं काय.
खांद्यावर तीन बोटं रुंद, टोकांना दीड.
गुळगुळीत बाजू वर,
खरखरीत आत, सदऱ्याला धरून राहील अशी.
शिवण काठापासून लांब,
काठ रापीनं तासून गोल केला, मेण चोळलं.
उसाला बांधला, उसाला साडेतीन किलो गूळ टांगला
आणि म्हटलं, चाला.

चालला तो गल्लीच्या टोकापर्यंत.
खांद्यावर ऊस, उसाला गूळ.
भडंगवाला ओरडला, "पावणं, काकवी ऱ्हायली की!"
केरबा हसला नाही.
डोळे अर्धे मिटून खांद्याचं ऐकत होता.
एक भोक पुढं, म्हणाला.
पुन्हा चालला.
अर्धं मागं.

आमच्या धंद्यात आवाजाला पैसे पडतात.
तळात विंचू घालायचा, चप्पल बोलली पाहिजे,
माणूस येतोय हे चार घरं आधी कळलं पाहिजे.
आणि हा म्हणतो, वहिनी, चकार शब्द निघता कामा नये.
डुकराचे कान.
मी कडीखाली कातड्याची चकती बसवली,
तेल पाजलं, दुमडून कानाशी धरला.
मुका.
तीस वर्षांत पहिल्यांदा मुकी वस्तू विकली.
ऊस दुकानातच राहिला.

दिवाळी झाल्यावर परत आला.
पट्टा हातात गुंडाळलेला, घामानं काळा.
तुटला?
न्हाई.
काचला?
"त्येच सांगाय आलोय. काचतच न्हाई.
बंदूक हाय का न्हाई, कळत न्हाई.
परवा पहाटं तसाच पाळण्यापाशी गेलो,
नात बघाय वाकलो.
भरल्याली हुती.
सून वरडली तवा समजलं."

शेजारी कुणीतरी तळ ठोकत होतं.
ते ठोकणं थांबेपर्यंत आम्ही बोललो नाही.

"जरा काचू दे, वहिनी.
लई न्हाई. इसरू नये एवढं."

मी आरी घेतली.
तीन बोटांच्या त्या रुंद जागेत, आतल्या अंगाला,
वादीची एक गाठ मारली, हरभऱ्याएवढी.
त्यानं खांद्यावर टाकला.
तोंड जरासं वाकडं झालं.
"बास."

पैसे किती, विचारलं त्यानं.
आरामाचे मागंच घेतले होते.
काचण्याचा दर काही केल्या ठरवता येईना.
असू द्या, म्हटलं.

पायरीवर थांबून म्हणाला,
"त्यो ऊस?"
पोरानं खाल्ला.
"गोड हुता?"
बटीकडं गोड, म्हटलं.
नळीकडं पाणचट.