खिडकी क्रमांक तीन

त्रिएस्तेच्या बस-स्थानकात, खिडकी क्रमांक तीनमागे
झोफ्का पेर्तोत तिकिटं विकते :
कोपर, सेझाना, ल्युब्लियाना, कधीमधी ग्राझ.
सुटे पैसे, तिकीट, आणि काचेच्या भोकातून
एक चाओ आत, एक चाओ बाहेर.
दिवसाला चारशे तरी. मोजतंय कोण?

मोजले असते तर तिच्या भावानं.
द्रागोतिन मुद्रितशोधक.
स्लोव्हेन वर्तमानपत्रात एकोणतीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका वेचून त्यानं डोळे घालवले.
जेवतानासुद्धा शब्द उलटा करून
बुडाचा शिक्का बघायचा,
बशीचा बघतात तसा.

एका रविवारी, आंबवलेल्या कोबीचं सूप निवत असताना, म्हणाला,
चाओ म्हणजे काय, सांग.
ती म्हणाली, या. जा. बरंय. सगळंच.
चाओ म्हणजे गुलाम, तो म्हणाला,
आणि काडेपेटीतल्या काड्या एकेक काढून
टेबलावर ओळीनं निजवल्या :
ही जर्मन स्क्लाव्ह, ही फ्रेंच एस्क्लाव्ह,
ही स्पॅनिश एस्क्लाव्हो, ही इंग्रजी स्लेव्ह.
सगळ्यांच्या माना एका दोरीत.
आणि दोरीचं टोक आपल्या दारात, झोफ्का. स्लाव्ह.
इतकी माणसं धरली, विकली,
की माणसांचं नाव मालाला पडलं.

मग व्हेनिसकर अदबीनं वाकून म्हणू लागले,
स्-च्याव, मी आपला दास.
पत्राखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहितात
आणि आज्ञा कुणी पाळत नाही, तसं.
बोलून बोलून साबणाच्या वडीसारखं झिजलं.
उरलं ते चाओ.

आणि स्लाव्ह कशावरून?
नक्की कुणाला ठाऊक! बरेच म्हणतात, स्लोवोवरून. शब्दावरून.
ज्यांचं बोलणं एकमेकांना कळतं, ते आपण.
ज्यांचं कळत नाही, ते मुके.
जर्मन माणसाला आपण नेमेत्स म्हणतो ते उगाच नाही.
तो हसला. आपणही काही कमी नव्हतो.

सोमवारपासून झोफ्कानं चाओ टाकलं.
त्याजागी आरिवेदेर्ची, पाचही अक्षरं, सावकाश.
शेजारच्या खिडकीतला तुल्यो म्हणाला, बढती मिळाली वाटतं?
कोपरची पोरं काचेआडून नक्कल करायची.
तिनं दाद दिली नाही. दोन वर्षं.

फेब्रुवारीत, बोरा वारा खांबांना धरून माणसं चालवत होता
तेव्हा द्रागोतिनच्या मेंदूत एक शीर फुटली.
डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली.
किल्ली. चाओ.
पेला. चाओ.
तहान, कूस बदल, दिवा मालव, दुखतंय,
सगळ्याला चाओ.
त्याला ऐकू येत होतं, चुकतंय ते.
दर वेळी तर्जनीनं चादरीवर
तो काढायचा ती खूण,
शेपटीचं वळण घेतलेली :
हा शब्द गाळा.
आणि पुन्हा तोंड उघडलं की तोच.

शेवटच्या संध्याकाळी भेटीची वेळ संपली.
झोफ्कानं कोट चढवला, बटणं चुकली, परत लावली.
जाते म्हणायला जीभ वळेना.
चाओ, तो म्हणाला.
ती बोटाकडे बघत राहिली.
बोट हललं नाही.

लिफ्टमध्ये तिच्या ध्यानात आलं,
त्या रविवारी त्यानं एक काडी पेटीतच ठेवली होती.
भावंडभाषांत स्लोवो म्हणजे शब्द.
स्लोव्हेनमध्ये मात्र, स्लोवो म्हणजे निरोप.
तिला हे जन्मापासून ठाऊक होतं.

बारा दिवसांनी खिडकी उघडली.
पहिला मुलगा, काखेत स्केटबोर्ड, कोपर, एकेरी.
तिनं चिल्लर सरकवली.
चाओ, तो म्हणाला, बसकडे बघत.
चाओ, झोफ्का म्हणाली.
तुल्योनं मान वर केली.
रांग एक पाऊल पुढं सरकली.