पांढरा टॉवेल

दिवाळे जेट्टीच्या मागच्या गल्लीत, पंखा बंद करून
मी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरते.
पांढराच लागतो. केस दिसला पाहिजे.

काल तारकर्लीहून आले. दोन्ही फ्लॅश रात्रभर
गोड्या पाण्यात, मासळीच्या जुन्या टबात;
बटणं दाबून दाबून मीठ सुटू दिलं.
आता सेलच्या झाकणाची ओ-रिंग
चिमटीत दाबते, फुगते तिथून अलगद काढते.
सुई नाही, चाकू नाही.
एक ओरखडा, की अख्खा समुद्र आत.

वाशीच्या एका माणसाकडून जुनेच घेतले हे.
तो ताकदीचं सांगत होता. मी विचारलं,
एकदा चमकल्यावर पुन्हा भरायला किती वेळ?
दीड सेकंद.
फुलपाखरूमासा दोनपर्यंत मोजू देत नाही.
मग झाकण उघडून हुंगलं:
आंबूस वास नव्हता, स्प्रिंगवर हिरवं नव्हतं.
पैसे मोजले.

नथूकाका दारात टेकलाय. "एवढ्यात इंजिन आलं असतं."
पहिल्या वर्षीचे फोटो त्यानेच पाहिले होते आधी:
मासा कुठेतरी मागे, आणि पुढे सगळीकडे
कोणी रवा उधळल्यासारखे पांढरे कण.
"बत्ती तोंडाम्होरं धरलीस गो बाय,
गाळच दिसंल. आमी पेट्रोमॅक्स
होडीच्या कडंला टांगायचो, हातभर लांब."
त्याच आठवड्यात मी लांब दांड्या मागवल्या.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

उभ्या जन्मात काकाने खाडीचा तळ बघितला नाही.
वल्ह्याच्या टोकाने ओळखतो:
इथं चिखल, इथं रेव, इथं कालवं.

"दे हिकडं," म्हणतो.
मोतीबिंदूचे डोळे मिटून रिंग बोटांतून फिरवतो,
जाळ्याचा दोर तपासावा तशी, सावकाश.
अर्ध्यावर थांबतो.
"हितं."

मी दिव्याखाली धरते. काही नाही.
टॉवेलवर झटकते. काही नाही.
नखाने ओढते तेव्हा कुठे निघतो
एक पांढरा केस.

त्याचा की माझा,
दोघंही विचारत नाही.

मग ग्रीस, तांदळाच्या कणीएवढं,
रबर ओलसर दिसेल इतकंच. झाकण फिरवते.
खुणेला खूण लागते.
काका कानाजवळ धरून ऐकतो,
आत वीज भरतानाची ती बारीक शिट्टी,
आणि टॉवेलची घडी घालताना मला बजावतो:
"पुढल्या टायमाला काळा पन आन."